काळाच्या हिशेबातील वजावट



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपली सारी हयात पदार्थविज्ञान शिकविण्यात वेचली. आणि त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात की प्रयोगवहीत उत्तर कितीही नेटके मांडलेले असले, तरी ते कोणत्या यंत्राने काढले आणि ते यंत्र खरे बोलते हे कशावरून, असे दोन प्रश्न विचारल्याखेरीज गुरुजी वहीवर सही करीत नसत. आज मला जे मांडावयाचे आहे ते त्या दुसऱ्या प्रश्नाच्या पोटातले आहे. उपग्रहांकडून वेळ घेणारे रिसीव्हर आज आपल्या सार्वजनिक कारभाराच्या मुळाशी जाऊन बसले आहेत. ते खरी वेळ सांगतात हे कशावरून? त्यांची परीक्षा कोण घेतो, कोणत्या रीतीने घेतो, आणि परीक्षा न घेतल्यास काय ओढवते?

आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात या क्षणी असा एक रिसीव्हर आहे आणि त्याला आपण रोज वाट विचारतो. वस्तुतः उपग्रहाला आपली वाट ठाऊक नसते. त्याच्यापाशी असते ते अणुघड्याळ; तो वेळ आणि स्वतःचा ठावठिकाणा एवढेच सांगत राहतो, आणि चार उपग्रहांच्या वेळा हाती आल्या म्हणजे त्यांच्या फरकांवरून आपली जागा आणि आपल्या घड्याळाची चूक या दोन्ही गोष्टी रिसीव्हर एकाच गणितातून काढतो. वाटसरूला पहिल्या उत्तराशी कर्तव्य असते. पण पश्चिम विभागाच्या वीजजाळ्यावर मुंबईत बसून नजर ठेवणाऱ्या अभियंत्याला दुसऱ्या उत्तराशी कर्तव्य असते, कारण शेकडो किलोमीटर अंतरावरच्या दोन उपकेंद्रांतील विद्युत्दाबाच्या कला त्याला एकाच क्षणी ताडून पाहावयाच्या असतात, आणि आपल्या पन्नास आवर्तनांच्या विजेत सुमारे ५५ मायक्रोसेकंदांची चूक झाली की कलेत एका अंशाचे अंतर पडते. मोबाइलच्या नव्या जाळ्यांत एकाही मनोऱ्याचे घड्याळ समान कालप्रमाणापासून दीड मायक्रोसेकंदाहून अधिक ढळू नये असा दंडक आहे. आणि ज्या प्रयोगशाळा राष्ट्रांची वेळ राखतात, त्यांचा व्यवहार याहून हजारपट सूक्ष्म, म्हणजे नॅनोसेकंदांत चालतो. एका नॅनोसेकंदात प्रकाश जेमतेम ३० सेंटिमीटर जातो; शाळेतल्या फूटपट्टीएवढे ते अंतर.

आता मूळ अडचण कोठे आहे ते पाहू. जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतो. तो माथ्यावर असला तर त्याचा सिग्नल आपल्यापर्यंत पोहोचावयास सुमारे ६७ मिलिसेकंद लागतात, आणि उपग्रहाचे स्थान व आपले स्थान ही दोन्ही ठाऊक असल्यामुळे हा प्रवासाचा अवधी हिशेबातून वजा करता येतो. कल्पना करा की एखादा जासूद सदरेवरून लखोटा घेऊन निघाला, निघाल्याची घटका लखोट्यावर लिहिली, आणि रस्त्याला किती वेळ लागतो हेही कारकुनाला ठाऊक आहे. तरी जासूद वाड्याच्या दरवाजाशी आला तो क्षण आणि लखोटा कारकुनाच्या हाती पडला तो क्षण, यांच्या दरम्यान देवडीवर जो वेळ मोडला त्याची नोंद कोण ठेवतो? रिसीव्हरची देवडी म्हणजे गच्चीवरची अँटेना, तिच्या पोटातले गाळणी-मंडल आणि विवर्धक, तेथून खोलीत उतरणारी केबल, आणि शेवटी खुद्द रिसीव्हरमधील मंडले. साध्या कोअ‍ॅक्सिअल केबलमध्ये सिग्नल एक मीटर चालावयास सुमारे ५ नॅनोसेकंद घेतो. गच्चीवरून तळमजल्यापर्यंत पन्नास मीटर केबल उतरविली म्हणजे २५० नॅनोसेकंद केवळ तांब्याच्या तारेत खर्ची पडले! ही वजावट ज्याने हिशेबात धरली नाही, त्याचे घड्याळ तेवढे मागे राहणार; आणि ते मागे आहे हे त्याला कधीच कळणार नाही, कारण यंत्राच्या पडद्यावर आकडे पूर्वीइतक्याच आत्मविश्वासाने उमटत राहतात.

येथे कोणी म्हणेल, की केबलची लांबी मोजावी, कारखानदाराने दिलेले आकडे घ्यावेत, बेरीज करावी आणि मोकळे व्हावे. त्यासाठी अंशशोधनाचा, म्हणजे यंत्र प्रमाणाशी ताडून त्याची चूक ठरविण्याचा, एवढा खटाटोप कशाला? या प्रश्नाचे उत्तर मला आपल्याच ग्रंथपरंपरेत सापडते. घटिकापात्राची रचना सांगताना आपले काही ज्योतिषी सूक्ष्म नियम घालून देत: तांबे दहा पले असावे, भोक अमक्या वजनाच्या आणि अमक्या लांबीच्या सोन्याच्या तारेने पाडावे, म्हणजे ते पात्र एका घटिकेत बुडेल. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिताना हे सारे नियम बाजूस सारले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की तांब्याचे अर्धगोल पात्र करावे, त्याच्या तळाला भोक ठेवावे, ते एका अहोरात्रात किती वेळा बुडते ते मोजावे आणि त्या संख्येने अहोरात्राला भागावे. जे येईल ते त्या पात्राचे मान. वजनाचे व तारेचे नियम त्यांनी युक्तिशून्य ठरविले. ज्यांच्या विद्येसाठी स्थापिलेल्या मठाची साक्ष चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख देतो, त्या पुरुषाने उच्चारलेले हे तत्त्व आजच्या कालप्रयोगशाळांत अक्षरशः पाळले जाते: यंत्र कसे घडविले यावरून त्याचे मान सांगू नका, त्याच्याहून अधिक भरवशाच्या मापाशेजारी ते ठेवून पाहा आणि मग सांगा.

आणि हे ठेवून पाहणे वाटते तितके सोपे नाही. प्रयोगशाळेचे घड्याळ दर सेकंदाला एक विद्युत्स्पंद पाठविते, रिसीव्हर आपला स्पंद काढतो, आणि दोहोंमधील अंतर काउंटर मोजतो. आकृतीत त्या स्पंदाची कडा भिंतीसारखी उभी दाखवितात. पण प्रत्यक्षात तो एक चढ असतो, शून्यापासून काही व्होल्टपर्यंत जाणारा, आणि त्या चढावर कोणत्या उंचीला सेकंद सुरू झाला असे मानावयाचे हे कोणीतरी ठरवावे लागते. काउंटर अर्ध्या व्होल्टला चालू झाला तर एक उत्तर येते, एका व्होल्टला चालू झाला तर दुसरे; लांब केबलमधून येताना स्पंदाची धार बोथट झाली असेल तर या दोन उत्तरांत कित्येक नॅनोसेकंदांचे अंतर पडते. म्हणून जाणता तंत्रज्ञ मोजणीच्या कागदावर आकड्याआधी काउंटरची पातळी, टोकाचा ५० ओहमचा रोध, केबलचा क्रमांक आणि खोलीचे तापमान लिहितो. माझ्या मते त्या कागदाचे मोल निम्म्याहून अधिक या चार नोंदींत आहे.

आयनांबराची बाब वेगळी आहे, आणि आपल्या देशात ती विशेष जड आहे. सिग्नल वातावरणाच्या वरच्या विद्युन्मय थरातून येताना रेंगाळतो, आणि विषुववृत्ताजवळच्या प्रदेशावर तो थर दाट असतो. त्या दाटीचा एक माथा साधारणतः अहमदाबाद-भोपाळच्या अक्षांशांवरून जातो. सूर्य क्षुब्ध असलेल्या वर्षांत दुपारच्या वेळी हा विलंब कित्येक दशक नॅनोसेकंदांचा होतो. तो काढून टाकण्यासाठी १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झ अशा दोन वारंवारतांवर सिग्नल घेतात, कारण रेंगाळणे वारंवारतेवर अवलंबून असते आणि दोन मोजण्यांवरून ते उकलता येते. युक्ती उत्तम आहे, परंतु तिची किंमत मोजावी लागते. या उकलीत पहिल्या मोजणीला सुमारे २.५५ ने गुणतात आणि दुसरीला सुमारे १.५५ ने गुणून ती वजा करतात. म्हणजे पहिल्या वारंवारतेच्या अंतर्गत विलंबात १ नॅनोसेकंदाची चूक राहिली तर उत्तरात ती अडीच नॅनोसेकंदांची होऊन बाहेर पडते. आकाशातला दोष काढावयास गेलो की घरातला दोष असा वाढतो. म्हणून घर आधी साफ हवे.

ते साफ करण्याचे दोन मार्ग आहेत. एक निरपेक्ष अंशशोधनाचा: उपग्रहासारखा सिग्नल निर्माण करणारे यंत्र रिसीव्हरला जोडावे, अँटेना प्रतिध्वनिरहित कक्षात तपासावी, आणि प्रत्येक भागाचा विलंब सुटा मोजावा. हा मार्ग खर्चाचा आहे आणि थोड्याच ठिकाणी शक्य आहे. दुसरा सापेक्ष अंशशोधनाचा, आणि जगाचा बहुतेक कारभार त्यावर चालतो. पॅरिसजवळ सेव्र येथे वजने व मापांचे आंतरराष्ट्रीय ब्यूरो आहे. जगभरच्या प्रयोगशाळांतील शेकडो अणुघड्याळांच्या नोंदी तेथे एकत्र होतात आणि त्यांतून यूटीसी नावाची जागतिक वेळ गणिताने सिद्ध होते. श्रोतेहो, ही वेळ दाखविणारे घड्याळ पृथ्वीवर कोठेही टांगलेले नाही. मागच्या महिन्यात आपली वेळ तिच्यापासून किती दूर होती, हे पुढच्या महिन्यात निघणाऱ्या परिपत्रकातून प्रत्येक राष्ट्राला कळते. या घड्याळांची परस्परांशी तुलना मुख्यत्वे उपग्रह-रिसीव्हरांच्या द्वारेच होते. म्हणजे रिसीव्हरच्या विलंबात जी चूक, ती त्या राष्ट्राच्या वेळेतच चूक म्हणून दिसणार.

म्हणून एक प्रवासी संच पेटीत घालून प्रयोगशाळेकडून प्रयोगशाळेकडे पाठविला जातो: रिसीव्हर, अँटेना, केबल, काउंटर. पोहोचल्यावर त्याची अँटेना गच्चीवर स्थानिक अँटेनेशेजारी बसवितात, तिचे स्थान सेंटिमीटरांपर्यंत ठरवितात, दोन्ही रिसीव्हरांना एकाच घड्याळाचा स्पंद देतात, आणि काही दिवस दोघेही तेच उपग्रह पाहत राहतात. उपग्रह तेच, आयनांबर तेच, घड्याळ तेच. मग दोहोंच्या मोजणीत जे अंतर उरते ते त्यांच्या अंतर्गत विलंबांतले अंतर. किती सरळ युक्तिवाद आहे हा! पण माझे मन सर्वांत अधिक रमते ते त्याच्या पुढच्या पायरीवर. संच परत मूळ गावी येतो तेव्हा निघण्यापूर्वी केलेली तुलना पुन्हा केली जाते. जातानाचा आकडा आणि आल्यानंतरचा आकडा जुळला तर प्रवासात संचाची प्रकृती ढळली नाही असे समजावयाचे. न जुळला तर जेवढी तफावत तेवढी अनिश्चितता सर्वांच्या दाखल्यात नमूद करावयाची. परीक्षक स्वतः पुन्हा परीक्षेला बसल्यावाचून कोणाचाही निकाल लागत नाही. ब्राउनश्वाइग, पॅरिस, वॉशिंग्टन, टोकियो, बीजिंग अशा मोजक्या ठिकाणच्या प्रयोगशाळांची तपासणी ब्यूरोकडून होते, आणि त्या आपापल्या प्रदेशातील इतरांची तपासणी करतात. अशा दुसऱ्या फळीतील प्रयोगशाळेच्या दाखल्यावर साधारणतः अडीच नॅनोसेकंदांची अनिश्चितता लिहिली जाते. हा आकडा उघडपणे लिहिणे हीच खरी प्रतिष्ठा आहे. ‘आमचे यंत्र अगदी अचूक’ असे म्हणणाऱ्या जाहिरातीपेक्षा ‘आमचे यंत्र अडीच नॅनोसेकंदांइतके चुकू शकते’ असे म्हणणारा दाखला मी केव्हाही अधिक मानीन.

आता ज्या प्रकरणाने हा सारा विषय वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आणला त्याकडे वळतो. २०११ च्या सप्टेंबरात ‘ऑपेरा’ या प्रयोगाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की जिनीव्हाजवळच्या सर्नहून निघून सुमारे ७३० किलोमीटर भूगर्भातून इटलीतील ग्रान सासो पर्वताखाली पोहोचणारे न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचलेले दिसतात. आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताच्या पायालाच हा धक्का होता. साहजिकच पहिला संशय उपग्रह-रिसीव्हरांवर आला. दोन ठिकाणची घड्याळे जुळविणारे ते रिसीव्हर तर चुकत नाहीत ना? पण त्यांचे अंशशोधन चोख झालेले होते. स्वतंत्र प्रवासी संचाने दोन टोकांची पुन्हा तुलना केली, आणि तफावत निघाली ती २.३ नॅनोसेकंद, तीही ०.९ च्या अनिश्चिततेसह. साठ कोठे आणि दोन कोठे! रिसीव्हर निर्दोष ठरले.

मग दोष होता कोठे? रिसीव्हर पर्वताबाहेर होता आणि यंत्रशाळा पर्वताच्या पोटात. रिसीव्हरची वेळ ८.३ किलोमीटर लांबीच्या प्रकाशतंतूने आत नेली जात असे. या तंतूचा विलंब, सुमारे ४१,००० नॅनोसेकंद, पूर्वी मोजलेला होता. परंतु तंतूचे टोक जेथे भूगर्भातील मुख्य घड्याळाला जोडले होते, तेथील जोड पुरता घट्ट बसलेला नव्हता. त्यामुळे आत पोहोचणारा प्रकाश क्षीण झाला. क्षीण प्रकाशाने उठविलेला विद्युत्स्पंद ठरलेल्या पातळीपर्यंत चढावयास उशीर करू लागला. आणि सुमारे ७३ नॅनोसेकंदांची भर मोजलेल्या विलंबात मुकाट्याने पडली. मघाशी मी स्पंदाच्या चढाविषयी बोललो, तो चढ तो हाच! भूगर्भातील घड्याळ मागे राहिले, म्हणून न्यूट्रिनो आधी आल्यासारखे दिसले. दुसरा एक लहान दोष मुख्य घड्याळाच्या आंदोलकात होता आणि तो विरुद्ध दिशेने काम करीत होता. २०१२ च्या फेब्रुवारीत हे उघड झाले, आणि त्याच पर्वताखालच्या दुसऱ्या एका प्रयोगातील विश्वकिरणांच्या नोंदी ताडून पाहता, हा उशीर २००८ पासून २०११ च्या अखेरपर्यंत सतत राहिला होता असेही सिद्ध झाले. त्या शास्त्रज्ञांना मी दोष देत नाही. आपला आकडा जगापुढे ठेवून त्यांनी तपासणीला आवाहन केले, हे विज्ञानाच्या रीतीला धरूनच होते. पण लक्षात घ्या, की साखळीतील सर्वांत अवघड कडी नॅनोसेकंदांपर्यंत तपासलेली होती आणि सर्वांत सोपी कडी एकदा तपासून मग गृहीत धरलेली होती. अंशशोधन रिसीव्हरच्या पेटीपाशी संपत नाही. जेथे वेळ प्रत्यक्ष वापरली जाते त्या शेवटच्या जोडापर्यंत ते गेले पाहिजे, आणि पुनःपुन्हा गेले पाहिजे.

खुद्द उपग्रहांवरही आंधळा विश्वास चालत नाही. २०१६ च्या २६ जानेवारीस एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना काही उपग्रहांवरून यूटीसीशी असलेल्या अंतराचा चुकीचा आकडा प्रसारित झाला आणि जगभर असंख्य रिसीव्हर १३.७ मायक्रोसेकंदांनी ढळले. नॅनोसेकंदांपर्यंत तपासलेल्या रिसीव्हरलाही तेथे उपाय नव्हता. ज्यांच्यापाशी स्वतःचे अणुघड्याळ शेजारी चालू होते, त्यांना घोटाळा ताडता आला.

आपल्या घरची स्थिती काय आहे? वेळेवरून भांडण्याचा वारसा आपल्याला आहेच. १९०६ पासून देशाला प्रमाणवेळ लागू झाली, तरी तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई टाइम’ या शहरातील कित्येक घड्याळांत १९५५ पर्यंत नांदली. आज देशाची वेळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत राखली जाते. स्वातंत्र्यापूर्वीच, १९४७ च्या जानेवारीत, तिची कोनशिला बसली. तेथील सीझियम घड्याळे व हायड्रोजन मेसर यांची वेळ उपग्रह-रिसीव्हरांच्या द्वारे सेव्रशी जोडलेली आहे, आणि त्या वेळेत साडेपाच तास मिळविले की आपली प्रमाणवेळ. आपली स्वतःची ‘नाविक’ नावाची उपग्रहमालाही आहे. तिच्या पहिल्या उपग्रहावरील तिन्ही परदेशी रुबिडियम घड्याळे बंद पडली, तेव्हा परावलंबनाचे दुःख काय असते ते आपल्याला कळले. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ वर देशात घडविलेले रुबिडियम घड्याळ बसले, ही मी अभिमानाची गोष्ट समजतो. अहमदाबाद, बेंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी येथील वैधमापनाच्या प्रादेशिक प्रयोगशाळांतून प्रमाणवेळ सर्वत्र पोहोचविण्याची तजवीज सरकारने हाती घेतली आहे.

तजवीज योग्य आहे. परंतु तिचे यश घड्याळांच्या किमतीवर ठरणार नाही. प्रत्येक ठिकाणी अँटेनेच्या केबलचा विलंब कोणी, केव्हा मोजला याचे दफ्तर कसे राखले जाते, यावर ते ठरेल. हे दफ्तर राखण्याची सवय ज्यांनी पूर्वीच अंगी बाणविली ते आपल्या जवळच आहेत. पुणे जिल्ह्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या, पल्सार नावाच्या ताऱ्यांच्या स्पंदनांचा, युरोपीय दुर्बिणींच्या सुमारे पंचवीस वर्षांच्या नोंदींबरोबर अभ्यास झाला, आणि २०२३ च्या जूनमध्ये अतिमंद गुरुत्वीय तरंगांचे पुरावे जगापुढे आले. एवढ्या दीर्घ मालिकेत एखाद्या वर्षी कोणी यंत्र बदलले आणि नोंद केली नाही, तर त्यामुळे नोंदींत पडलेली उडी विश्वाचे गुपित म्हणून वाचली जाण्याचा धोका असतो.

या सभागृहात वीजमंडळातील अभियंते आहेत, बँकांच्या संगणक-विभागातील अधिकारी आहेत, महाविद्यालयांचे प्राध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी आहेत. त्यांच्यापैकी ज्यांच्या कचेरीच्या गच्चीवर उपग्रह-वेळेची अँटेना उभी आहे, त्यांना माझी एकच विनंती आहे. उद्या कामावर गेल्यावर त्या यंत्राची नोंदवही मागवा. तिच्यात केबलचा विलंब लिहिला आहे का, अँटेनेचे स्थान कोणी ठरविले ते लिहिले आहे का, आणि शेवटच्या अंशशोधनाची तारीख व अनिश्चितता लिहिली आहे का, ते पाहा. नोंदवहीच नसेल तर एक नवी वही घाला, आणि तिच्या पहिल्या पानावर केबलची लांबी आपल्या हाताने मोजून लिहा.